साडेचार तास, चहा धरून

मालवण स्टँडच्या मागे, रसवंतीच्या आडोशाला
लवू धुरीची टमटम. काचेवर खडूने:
कातळशिल्प, देऊळ, डोंगरातलं तळं.
माणशी साडेतीनशे, चहा धरून.
पोर मांडीवर बसलं तर पैसे नाहीत.

आम्ही सात. इचलकरंजीचे दोघे साडू, त्यांच्या बायका,
पेणचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर,
मी, आणि माझ्या मांडीवर भाचा,
वय नऊ, त्या दिवसापुरतं पाच.

काजूच्या मोहोराचा वास वाटेत चढला
आणि उतरलाच नाही.
मग सडा. एकदम.
झाडं संपली तशी बोलणीही संपली.
भाजलेला, फोडाफोडांचा जांभा,
वाळून रुपेरी झालेलं करड,
आणि आभाळ इतकं, की धाकट्या साडूने
टोपी काढली, पुन्हा घातली.

चपला काढायच्या का, कुणीतरी विचारलं.
"काढा नायतर ऱ्हवांदेत. हय देव नाय.
देव फुडे आसा."

कातळ. नुसता कातळ.
लवूने सीटखालून बाटली काढली,
लेबल कधीच गेलेलं, बुचाला सुतळी.
"वायच बाजूक सरा, सावली पडता."
ओणवा होऊन त्याने धार सोडली,
समईत तेल घालावं तशी, बारीक.

पाणी आधी गोंधळलं.
मग त्याला खोबण सापडली.
शेपटीकडून निघालं, पाठीवर चढलं,
कल्ल्यापाशी वळलं,
आणि आमच्या पायांमध्ये
नऊ हात लांब मासा,
ओला, काळा, पुरा.

मास्तर मटकन बसले.
"हात न उचलता काढलाय हो," म्हणाले,
आणि हवेतच बोटाने एकदा गिरवून पाहिला.

कुणी काढला? केव्हा? समुद्र इथवर होता का?
लवूने शेवटचा थेंब माशाच्या डोळ्यात झटकला.
"ठावक नाय," म्हणाला.
"आमच्या आज्याकव ठावक नाय होता."
लोक वंशावळ सांगतात त्या सुरात.

मोठ्या साडूचा मोबाइल उघडेपर्यंत
उन्हाने शेपटी नेली होती.

देवळात मात्र त्याला सगळं पाठ.
खांब किती, मानकरी किती, कौलं कुठून आली.
गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ.
सातेरी. साडी नेसलेली माती.
"वाढता अजून," तो कुजबुजला,
जणू पलीकडे कुणी झोपलंय.
थोरल्या बहिणीने गुरवाकडून कौल लावून घेतला.
काय विचारलं, पाकळी कुठल्या अंगाने पडली,
आम्ही नको तितक्या मन लावून छताकडे पाहत राहिलो.
टमटममध्ये बसल्यावर तिने सगळ्यांना
खाजं वाटलं. डोळे पुसून.

शेवटी पायऱ्या. मास्तरांनी एकशे बारा मोजल्या,
भाच्याने एकशे नऊ.
वर डोंगरांच्या ओंजळीत तळं.
वर डोंगर, खाली तोच डोंगर,
आणि मधल्या शिवणीवरून एक खंड्या
टाका घालत गेला.

स्टीलच्या पेल्यांत चहा, गवती पात घातलेला.
लवू इथे काहीच सांगेना.
मी वाट पाहिली. मग कळलं, सांगून झालं होतं.

"ह्यात मासे आहेत?"
"आसत. धरूचे नाय. देवीचे ते."
तो शेवटच्या पायरीवर उतरला,
बाटली आडवी बुडवली.
बुड, बुड, बुड. तळ्याने आतली हवा
हिशेब केल्यासारखी परत दिली.

"प्यायला?" भाच्याने विचारलं.
"नाय रे. उद्या सकाळी लागतला."

परतताना ती सीटखाली लोळत होती.
प्रत्येक वळणावर येऊन टाचेला लागायची,
गार, भरलेली.
तिसऱ्या वळणानंतर मी तिला
दोन्ही पावलांत धरून ठेवली.
मालवण येईपर्यंत.